प्रश्न तुमचे: बुरशी मेली की नुसती थांबली?

मागच्या अंकात बुरशीवरच्या औषधांचा लेख होता आणि त्यासोबत मायक्रोस्कोपमधला एक फोटो छापला होता, काळ्या बॅकग्राउंडवर निळ्या कडांचे गोळे आणि मधेच दोनचार लालभडक. लेख किती जणांनी वाचला देव जाणे, पण फोटो सगळ्यांनी बघितलेला दिसतोय, कारण जवळजवळ सगळे प्रश्न त्याच्यावरूनच आलेत. एकसारखे होते ते एकत्र केलेत. आणि ज्यांनी स्वतःचे रिपोर्ट पाठवून औषध विचारलंय त्यांना हात जोडून सांगते, ते तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा, मी लॅबमधली बाई, प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही.

प्रश्न: ताई, तो फोटो खरा आहे की कॉम्प्युटरवर रंगवलाय? आणि त्यात औषध नक्की कुठे आहे, मला तर काहीच दिसलं नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: फोटो खरा आहे आणि रंगवलेलाही आहे. असल्या मायक्रोस्कोपला लावलेला कॅमेरा बहुतेक वेळा ब्लॅक अँड व्हाइटच असतो. एका फिल्टरमधून एक फोटो काढायचा, दुसऱ्यातून दुसरा, मग सॉफ्टवेअरमध्ये एकाला निळा आणि दुसऱ्याला लाल रंग देऊन एकावर एक ठेवायचे. यात फसवाफसवी काही नाही, फक्त कुठल्या रंगाचा अर्थ काय ते फोटोखाली लिहायला हवं, आणि ते आम्ही लिहिलं नव्हतं, म्हणून आता सविस्तर सांगते.

ते गोळे म्हणजे कँडिडा अल्बिकन्स नावाचं यीस्ट, एकेक पेशी साधारण ४ ते ६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साध्या उजेडात बघितलं तर जवळपास पारदर्शक, आत काय चाललंय काही कळत नाही, म्हणून चमकणारे डाय वापरतात. निळा होता तो कॅल्कोफ्लोर व्हाइट. हा मूळचा कापडधंद्यातला, कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून वापरायचे. तो कायटिनला चिकटतो, आणि कायटिन बुरशीच्या सेल वॉलमध्ये असतं, आपल्या पेशींना तर अशी भिंतच नसते, त्यामुळे अतिनील प्रकाश टाकला की बुरशी तेवढी निळी चमकते. (स्लाइडवर कापसाचा धागा पडला तर तोही झकास चमकतो कारण हा डाय सेल्युलोजलाही चिकटतो, आणि नवीन मुलं हमखास त्याचेच फोटो काढत बसतात.)

लाल होता तो प्रोपिडियम आयोडाइड. हा डीएनएला चिकटून लाल चमकतो पण पेशीच्या धडधाकट मेंब्रेनमधून, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ पडद्यातून, त्याला आत शिरताच येत नाही. म्हणजे जी पेशी लाल दिसली तिचं मेंब्रेन गेलंय, आणि मग ती मेली असं सहसा धरतात. जी लाल दिसत नाही ती जिवंतच आहे असं मात्र नाही, आणि ठणठणीत आहे असं तर अजिबातच नाही. हे लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

आता औषध. ते दिसलं नाही कारण दिसणारच नव्हतं. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, ही मर्यादा अर्न्स्ट अब्बेने १८७३ मध्येच सांगून ठेवलीय, आणि औषधाचा रेणू असतो एखाद-दोन नॅनोमीटरचा. तुम्ही बघताय ते औषधाने पेशीचं काय केलं ते.

यात एक मोठी मेख आहे. डाय स्वतः साधासुधा नसतो. मेंब्रेनमधलं अर्गोस्टेरॉल बघायला फिलिपिन नावाचा डाय वापरतात, अर्गोस्टेरॉल म्हणजे आपल्याकडे जसं कोलेस्टेरॉल तसं बुरशीकडे. पण फिलिपिन स्वतःच पॉलिईन आहे, म्हणजे बुरशीवरच्या औषधांच्याच घराण्यातला, तो अर्गोस्टेरॉलला धरतो आणि मेंब्रेनची वाट लावतो. औषधाचा परिणाम बघायला गेलात आणि बघताय डायचा परिणाम, असं होऊ शकतं. कॅल्कोफ्लोरही जास्त झाला तर भिंतीच्या बांधणीत गडबड करतो. म्हणून शेजारी औषध न दिलेल्या पेशींचा फोटो, तोच डाय, तेवढाच वेळ, कॅमेऱ्याचं सेटिंगही तेच, असा नसेल तर त्या सुंदर फोटोवर माझा तरी विश्वास बसत नाही. आम्ही छापला त्याच्या शेजारी तो नव्हता, जागा नव्हती म्हणे.

प्रश्न: मॅडम, मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुस्तकात फ्लुकोनॅझोल फंगिस्टॅटिक आणि कॅस्पोफंगिन फंगिसायडल असं दिलंय, पाठ केलंय, पण मायक्रोस्कोपखाली हा फरक खरंच दिसतो का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: दिसतो, पण एका फोटोत नाही. (बाकीच्यांसाठी: फंगिस्टॅटिक म्हणजे बुरशीची वाढ थांबवणारं, फंगिसायडल म्हणजे तिला मारणारं.) तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला म्हणून जरा जास्त जागा घेते.

फ्लुकोनॅझोल दिलेली कँडिडा आणि न दिलेली, दोन्ही प्रोपिडियम आयोडाइड घालून दोन-तीन तासांनी बघ. दोन्हीकडे लाल जवळपास नाहीच. एकच फोटो बघणारा म्हणेल औषध फुकट गेलं. पण तीच स्लाइड गरम चेंबरमध्ये ठेवून दर काही मिनिटांनी फोटो घेत गेलीस, ज्याला टाइम-लॅप्स म्हणतात, तर न दिलेली पेशी चांगल्या मीडियात साधारण दीड तासाला दुप्पट होतेय आणि दिलेलीचं काम हळूहळू मंदावत रेंगाळत चाललंय असं दिसतं. अ‍ॅझोल (म्हणजे फ्लुकोनॅझोलच्या घराण्यातली औषधं) अर्गोस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम अडवतात, पेशीकडे आधीचा साठा असतोच, त्यामुळे पहिल्या काही तासांत फार काही घडत नाही. मेलेली नाही, थांबलेली आहे, आणि तीही पूर्ण थांबतेच असं नाही, काही पेशी औषधातसुद्धा कूर्मगतीने वाढत राहतात.

इथे एक भारी गोष्ट सापडली होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात संशोधकांनी फ्लुकोनॅझोलमध्ये वाढणाऱ्या कँडिडाच्या केंद्रकांना चमकणारं प्रोटीन जोडलं आणि टाइम-लॅप्स घेतला. एरवी आईला मुलगी-पेशी फुटते, वेगळी होते आणि पुढे दोघी आपापल्या वाटेने जातात. औषधात मुलगी वेगळीच होईना, आणि तशीच चिकटलेली असताना तिसरी फुटली, तीन पेशींची साखळी. त्यांनी तिला ट्रायमेरा म्हटलं. तिच्यात केंद्रकांची वाटणी बिघडते, एखाद्या पेशीत गुणसूत्रं दुप्पट होतात, आणि पुढच्या विभाजनात ती वेडीवाकडी वाटली जाऊन कुणाकडे एखादं जास्त तर कुणाकडे कमी. अशा वेडेपणातूनच कधीकधी औषधाला दाद न देणारी पेशी निघते. आता हे नुसत्या कॉलनी मोजून कधी कळलं असतं का? थांबलेल्या पेशी आत काय उद्योग करतात ते बसून बघावंच लागलं.

आता कॅस्पोफंगिन. ते बीटा-१,३-ग्लुकान बनवणारं एन्झाइम अडवतं, भिंतीचा मुख्य माल तोच. कँडिडामध्ये भिंत कमकुवत होते, आतला दाब सहन होत नाही, पेशी फुटते, लाल दिसते, सायडल, पुस्तक बरोबर. पण तेच औषध अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटसला दे. ही तंतूंची बुरशी, तंतू वाढतो फक्त टोकाला, नवी भिंत तिथेच बांधली जाते, त्यामुळे औषध बसतं तेही तिथेच. टायर जिथे फाटलाय तिथून सायकलची ट्यूब फुगून बाहेर येते आणि फटकन फुटते ना, तसं तंतूचं टोक फुगतं आणि फुटतं. जिवंत आणि मेलेल्या भागांसाठी वेगळे डाय वापरून बघितलं तर वाढती टोकं आणि फांद्या फुटायच्या जागा मेलेल्या, आणि मागचा जुना तंतू मस्त जिवंत! मग त्याच्यातून आखूड, जाडसर, खूप फांद्यांचे झुपके येतात. म्हणजे एकच औषध एका बुरशीला मारतं आणि दुसरीला नुसतं अडवतं. म्हणूनच तंतूंच्या बुरशीवर हे औषध तपासताना वाढ पूर्ण बंद कधी झाली हे शोधत नाहीत, वाढीचं रूप कुठल्या डोसला बदललं ते बघतात, त्याला मिनिमम इफेक्टिव्ह कॉन्सन्ट्रेशन म्हणतात. परीक्षेत हे लिही, मार्क मिळतील.

आणि एक. कॅस्पोफंगिनचा डोस खूप वाढवला तर काही कँडिडा उलट पुन्हा वाढायला लागतात. कॅल्कोफ्लोर टाकून बघितलं तर त्या नेहमीपेक्षा जास्त निळ्या चमकतात, कारण ग्लुकान मिळेना म्हणून पेशीने भिंतीत कायटिन ठासून भरलेलं असतं. तुला प्रोजेक्ट करायचं असेल आणि कॉलेजात फ्लोरोसन्स मायक्रोस्कोप असेल तर हा विषय गाईडना विचारून बघ, फक्त कँडिडा रोग करते, तिला हात लावताना सेफ्टी कॅबिनेट आणि गाईड दोन्ही हवेत.

प्रश्न: २०२१ मध्ये माझ्या भावाला कोविडनंतर म्युकर झाला होता, डोळा वाचला, जबड्याचा भाग काढावा लागला. तेव्हा अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी आम्ही शहरभर फिरलो. ते साधं आणि लायपोझोमवालं असे दोन प्रकार होते आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. हे औषध करतं तरी काय नक्की, आणि दुसरं कुठलं का चाललं नाही? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: काका, त्या मे महिन्यात महाराष्ट्रात किती घरांनी हीच धावपळ केली ते सगळ्यांनीच बघितलंय, केंद्राने त्याच महिन्यात राज्यांना हा आजार नोंदणी सक्तीचा करायला सांगितला होता. भाऊ बरे आहेत हे वाचून बरं वाटलं.

आधी तुमचा दुसरा प्रश्न. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा जेव्हा मायक्रोस्कोपखाली जातो तेव्हा म्युकरचे तंतू रुंद, रिबिनीसारखे, मधे पडदे जवळपास नाहीत आणि फांद्या बऱ्याचदा काटकोनात. अ‍ॅस्परजिलसचे बारीक, पडदेवाले, फांद्या लघुकोनात. हे ओळखणं जीवन-मरणाचं असतं कारण अ‍ॅस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, आणि वर सांगितलं ते कॅस्पोफंगिनही एकट्याने त्याच्यावर भरवशाचं नाही. फ्लुकोनॅझोल तर नाहीच. उरलं अ‍ॅम्फोटेरिसिन, आणि मग पोसाकोनॅझोल, इसाव्हुकोनॅझोल. म्हणून सगळा महाराष्ट्र एकाच इंजेक्शनच्या मागे होता. आणि हो, आजारात काळं दिसतं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं मांस, काचेवर बुरशी काळी दिसत नाही.

आता औषध करतं काय. अ‍ॅम्फोटेरिसिन १९५० च्या दशकातलं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. कित्येक वर्षं सगळ्या पुस्तकांत एकच चित्र: हे रेणू अर्गोस्टेरॉलसोबत गोल उभे राहतात, मेंब्रेनला भोक पाडतात, आतले आयन गळून जातात, पेशी मरते. भोकं पडतात हे खरंच आहे. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की मुख्य काम वेगळंच आहे. हे रेणू मेंब्रेनच्या बाहेर एकत्र येऊन मोठा गठ्ठा करतात आणि मेंब्रेनमधलं अर्गोस्टेरॉल बाहेर ओढून घेतात, स्टेरॉल स्पंज म्हणतात त्याला. त्यासाठी एनएमआर, म्हणजे चुंबकाच्या मदतीने रेणूंची रचना बघण्याची पद्धत, वापरला आणि जोडीला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, ज्यात ते मेंब्रेनला लागून बसलेले गठ्ठे चक्क दिसले. मेंब्रेन असते सात-आठ नॅनोमीटर जाड, साध्या मायक्रोस्कोपने हा वाद कधीच मिटला नसता. आपल्या कोलेस्टेरॉललाही हे औषध थोडंफार धरतं, म्हणून किडनीला त्रास, म्हणून डॉक्टर रोज क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, बघत होते.

लायपोझोमवालं म्हणजे तेच औषध चरबीच्या अतिबारीक पोकळ गोळ्यांमध्ये बसवलेलं, त्याने किडनीचा त्रास बराच कमी होतो. या गोळ्या ६० ते ८० नॅनोमीटरच्या, आणि बुरशीच्या भिंतीतली छिद्रं हिशोबाने सहाएक नॅनोमीटरची. मग आत जातात कशा? बरेच जण धरून चालले होते की गोळी बाहेरच फुटत असणार. ब्रिटनमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठातल्या संशोधकांनी इतरांसोबत मिळून २०१८ मध्ये लायपोझोमच्या आत सोन्याचे अतिसूक्ष्म कण भरले, सोनं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये काळं ठळक दिसतं, पेशी झटक्यात गोठवल्या, पातळ काप काढले, आणि बघितलं तर अख्खेच्या अख्खे लायपोझोम भिंतीच्या मधोमध वाट काढताना सापडले. म्हणजे ती भिंत आपण पुस्तकात काढतो तशी विटांची नाहीये, ती लवचिक आहे, दाबली की सरकते. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग. हे काम कँडिडा आणि क्रिप्टोकॉकसवर झालं, म्युकरवर नाही, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न: मला मांड्यांना गजकर्ण झालंय, वर्ष झालं, गोळ्या खाल्ल्या की जातं, बंद केल्या की येतं. लॅबवाल्याने खरवडून मायक्रोस्कोपमध्ये बघितलं आणि फंगस आहे एवढंच सांगितलं. औषध लागू पडतंय की नाही ते त्याला का दिसत नाही? (एक वाचक, जळगाव)

उत्तर: कारण त्या तपासणीत ते दिसतच नाही. खरवडलेल्या त्वचेवर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालतात, त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे तंतू उठून दिसतात. पण ते तंतू जिवंत आहेत की मेलेले, हे केओएच सांगत नाही. नखांच्या बाबतीत तर औषधाने बुरशी मेल्यावरही तंतू कितीतरी दिवस नखात पडून असतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येत राहतो.

दुसरं म्हणजे औषधाला न जुमानणारी बुरशी आणि जुमानणारी बुरशी दिसायला अगदी सारखी. भारतात सध्या गजकर्णाची जी ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी पसरलीय, तिला २०२० मध्ये हे नाव मिळालं, तिच्यातल्या बऱ्याच जणी टर्बिनाफिन या गजकर्णावरच्या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत कारण ज्या एन्झाइमवर ते औषध बसतं, स्क्वालीन इपॉक्सिडेज, त्याच्या जीनमध्ये एखादाच बदल झालेला असतो. तो बदल मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, त्याला कल्चर करून (म्हणजे बुरशी लॅबमध्ये वाढवून) औषधाची टेस्ट किंवा जीनची तपासणी लागते. स्किनच्या डॉक्टरांना तेवढं विचारा. आणि मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावत असाल तर ते आधी त्यांना सांगा, लाज वाटू देऊ नका, अर्धा महाराष्ट्र लावतो. खाज थांबते, बुरशी नाही.

प्रश्न: औषधालाच चमकणारा टॅग लावून ते पेशीत कुठे जातं ते बघता येत नाही का? (एक इंजिनीअर, पुणे)

उत्तर: येतं की, तेल अवीव विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅझोलला चमकणारे तुकडे जोडून जिवंत कँडिडात ते कुठे साठतात ते बघितलंय. जे एन्डोप्लाझमिक रेटिक्युलमपर्यंत (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यापर्यंत) पोचले ते जास्त प्रभावी, जे मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाघरात) जाऊन बसले ते कमी. पटण्यासारखंच आहे, कारण अ‍ॅझोल ज्या एन्झाइमवर बसतात ते रेटिक्युलमवरच असतं. अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल, टॅग लावल्यावर ते तेच औषध राहतं का? छोट्या रेणूला जवळपास त्याच्याएवढाच टॅग लावला तर वाट बदलू शकते, त्यामुळे आधी टॅगवालं औषध बुरशीला रोखतंय हे दाखवावं लागतं. अ‍ॅम्फोटेरिसिनला मात्र स्वतःचीच अंधूक चमक आहे, टॅगशिवाय. ती किती नॅनोसेकंद टिकते ते मोजून रेणू सुटे आहेत की गठ्ठ्यात, याचा अंदाज घेता येतो.

प्रश्न: आमचे वडील पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. तिथेही बुरशीवर औषध शोधलं होतं असं सांगायचे. खरं का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: अगदी खरं. हॅमायसिन. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ते जाहीर केलं, आणि ते बनवणाऱ्या जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना, तुमच्या पिंपरीवरून. हेही पॉलिईन, अ‍ॅम्फोटेरिसिनच्याच घराण्यातलं. साठच्या दशकात अमेरिकेतही त्याच्या चाचण्या झाल्या होत्या. वडिलांकडे तेव्हाचे फोटो, लॅबच्या वह्या काही असतील तर टाकू नका, आम्हाला कळवा.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे ४०० पट मोठं दाखवणारा साधा मायक्रोस्कोप आहे. मुलांना यातलं काही दाखवता येईल का? (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर: सर, नक्की येईल, फक्त रोग करणारी बुरशी आणि औषधं दोन्ही नकोत. बेकरीत वापरतात ते कोरडं यीस्ट घ्या, कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून अर्धा तास ठेवा. त्यातलं थोडं दुसऱ्या टेस्ट ट्यूबमध्ये काढून उकळा आणि गार होऊ द्या. मग दोन्हींच्या वेगवेगळ्या स्लाइडवर ०.०१ टक्का मिथिलीन ब्लूचा एकेक थेंब, वर कव्हरस्लिप, आणि बघा. जिवंत पेशी तो निळा रंग आत आल्यावर रंगहीन करून टाकते, मेलेलीला ते जमत नाही म्हणून ती निळीच राहते. उकळलेल्यात सगळ्या निळ्या, न उकळलेल्यात थोड्याच. मुलांना दोन्हीकडच्या शंभर-शंभर मोजायला लावा. पाच-दहा मिनिटांत बघून घ्या, कारण जास्त वेळ ठेवलं तर हा रंगच जिवंत पेशींना मारायला लागतो आणि आकडा वाढत जातो. हुशार वर्ग असेल तर तेही मुद्दाम करा, तीच स्लाइड अर्ध्या तासाने पुन्हा मोजायला द्या आणि आकडा का बदलला ते त्यांनाच विचारा. जमलं तर न उकळलेल्या यीस्टचा तिसरा भाग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तसाच मोजा, थंडीत वाढ थांबलेली असते पण बहुतेक पेशी निळ्या होत नाहीत. मुलांचे आकडे आले की पाठवा, पुढच्या अंकात छापू.